धक्क्यावरचे नाक

दूध आधी नाकाने तपासावे आणि मग यंत्राने, हा त्या डेअरीचा नियम यंत्रे येण्यापूर्वीचा होता. यंत्रे आल्यावरही तो रद्द झाला नाही. तो जुनाट आहे असे म्हणणाऱ्यांनी सकाळच्या धक्क्यावर कधी पाय ठेवलेला नसावा. यंत्र फॅट सांगते, मिसळलेले पाणी सांगते, आम्लता सांगते. गाईने मूरघास, म्हणजे खड्ड्यात आंबवलेला चारा, धारेपूर्वी खाल्ला की धारेनंतर, गोठ्यात शेण किती वेळ पडून होते, धारेची चरवी गरम पाण्याने धुतली की नुसती विसळली, हे यंत्र सांगत नाही. शिवाय यंत्राला नमुना द्यावा लागतो आणि थांबावे लागते, आणि सकाळी सहा ते आठ या दोन तासांत तिथे तीनशे कॅन उतरत. नाकाला कॅनमागे तीन श्वास पुरत.

ते नाक तीस वर्षे एकाच माणसाचे होते. त्याला सगळे परीक्षक म्हणत.

पद्धत ठरलेली होती. धक्क्याच्या कठड्यापाशी परीक्षक उभा राही आणि कॅनच्या पलीकडे, त्याच्यापासून हातभर अंतरावर, झाकण उचलणारा. वास दुधापेक्षा झाकणाच्या आतल्या बाजूला अधिक साचतो, म्हणून झाकण उचलून, उलटे करून, परीक्षकाच्या नाकाखाली धरायचे. परीक्षक डोळे मिटून तीन श्वास घेई आणि एकच शब्द बोले: ‘आत’ किंवा ‘परत’. ‘आत’ म्हटले की झाकण कॅनवर थाडकन बसे. ‘परत’ म्हटले की ते उलटेच ठेवले जाई, आणि मालकाने उलट्या झाकणाचा तो कॅन सगळ्या रांगेच्या देखत मागे न्यायचा.

लागोपाठ तीन दिवस परत आलेल्या कॅनचे खाते वर्षभर बंद होई. वर्षभर हा शब्द कागदावर लहान दिसतो. गाय वर्षभर थांबत नाही. तिला दिवसातून दोनदा पिळावेच लागते, आणि पिळलेले दूध घेणारा कोणी नसेल तर आठवड्याच्या आत गोठा विकावा लागतो. आसपास दुसरी डेअरी नव्हती.

डेअरीचा संस्थापक मात्र दयाळू होता. ज्याचे खाते बंद होईल त्याचा धक्क्यावरच्या रिकाम्या कामावर पहिला हक्क राहील, असे त्याने नियमांत लिहून ठेवले होते. दयाळू माणसे परिणामांचा विचार क्वचितच करतात. धक्क्यावरचे जे काम सर्वांत जास्त वेळा रिकामे पडे ते झाकण उचलण्याचे, कारण त्यात मनगटे जात. म्हणजे ज्याच्या एका शब्दाने गोठा गेला, त्याच्याच समोर उभे राहून रोज तीनशे वेळा झाकण धरायचे.

धक्क्यावर कोणालाच नाव नव्हते. कॅनवर जो आकडा रंगवलेला असे तोच माणसाचा. झाकण उचलणाऱ्याला एकतीस म्हणत. आठ वर्षांपूर्वी त्याच्याकडे सहा गाई होत्या आणि एकतीस आकड्याचा कॅन होता. गाई गेल्या, कॅन गेला, आकडा चिकटून राहिला. तो परीक्षकाच्या बायकोचा धाकटा भाऊ.

‘सख्ख्या मेहुण्याचा कॅन तीनदा उलटा ठेवलाय मी,’ असे परीक्षक प्रत्येक नव्या माणसाला आवर्जून सांगे. ‘नाकाला नातं नसतं.’ हे वाक्य एकतीसच्या समोर, त्याने झाकण धरलेले असताना, आठ वर्षांत किती वेळा उच्चारले गेले याची मोजदाद नाही. त्याला जोडून एक विनोदही ठरलेला होता: ‘मेहुणा म्हणजे घरचाच कॅन. झाकण काढायची गरजच नाही, आत काय आंबलंय ते ठाऊक असतं.’ रांग हसे. एकतीसही हसे.

थंडी सरता सरता परीक्षकाला ताप आला आणि आठ दिवस अंथरुणात गेले. नवव्या दिवशी धक्क्याच्या पायऱ्या चढताना काहीतरी उणे आहे असे त्याला वाटले. काय ते वर पोहोचेपर्यंत कळले नाही. फरशी नुकतीच फिनेलने धुतलेली होती. कोपऱ्यातल्या बादलीत फिनेलचे पाणी नेहमीसारखे दुधाळ पांढरे दिसत होते. फिनेलचा वास येत नव्हता.

पहिला कॅन आला. परीक्षकाने डोळे मिटले, तीन श्वास घेतले. काही नाही. त्याने चौथा घेतला. कोऱ्या भिंतीला नाक लावावे तसे. शब्द तर उच्चारायलाच हवा होता, कारण रांग वाट पाहत होती. थोडा वेळ मिळावा म्हणून त्याने डोळे उघडले आणि समोर एकतीसचा चेहरा होता. त्या चेहऱ्यावर, डाव्या नाकपुडीची कड तांदळाच्या दाण्याएवढी आखडली होती.

‘परत,’ परीक्षक म्हणाला.

मालकाने मान खाली घातली. ‘मूरघास आधी टाकला गेला, साहेब. चूक झाली.’

त्या क्षणापासून परीक्षकाचे नाक एकतीसच्या चेहऱ्यावर होते. चेहरा थंड असला की आत, कड आखडली की परत. तीनशे कॅन झाले आणि एकही हरकत आली नाही. दुसऱ्या दिवशी आणखी तीनशे. वास परत येईल, सर्दी आहे, जाईल, असे त्याने स्वतःला बजावले. ज्याला स्वतःच्या आयुष्यात एकच गोष्ट येते तो ती गेली हे मान्य करत नाही. मान्य करण्यासाठी उरलेला दुसरा माणूस त्याच्यात नसतो.

पाचव्या दिवशी तो घरी वर्तमानपत्रातले बाजाराचे पान वाचत बसला होता. बायको दारात उभी होती, पदराला हात पुसत.

‘काय वाचताय एवढं?’

‘दूध भुकटीचा भाव आणखी उतरला. गोदामं भरलीत सगळी. आता गाई विण्याचे दिवस, दूध वाढणार, आणि घेणार कोण? आता खरी नाकाची परीक्षा. जितकं परत करशील तितकं डेअरीला हवंच आहे.’

‘अहो, दूध करपलंय.’

‘कुठं?’

‘घरात. अर्धा तास झाला. पातेलं काळं होईस्तोवर थांबले मी, बघत.’

परीक्षकाने पान खाली ठेवले.

‘परवा तुम्हाला चार दिवसांचं ताक दिलं,’ ती शांतपणे म्हणाली. ‘मिटक्या मारत प्यायलात. काल उशाशी ओला पोतेरा ठेवला. झोपलात. आज म्हटलं, एकदा खात्री करून घ्यावी.’

‘सर्दी आहे.’

‘सर्दी गेली. नाक गेलं.’

‘हळू बोल.’

‘मी कशाला कुणाला सांगू? माझा संसार तुमच्या त्या नाकावरच चाललाय.’ ती वळली आणि मग आतून, पातेले खरवडत, म्हणाली, ‘माझ्या भावाचा गोठा गेला त्या दिवशी मीही असंच तुमच्याकडे बघत उभी होते. तुम्ही तेव्हाही असंच पेपर वाचत होता.’

एकतीसला समजायला बारा दिवस लागले. समजण्याचे कारण साधे होते. आठ वर्षे जे डोळे मिटत, ते आता उघडे राहत होते, आणि ते झाकणाकडे पाहत नव्हते. तेराव्या दिवशी एका निर्मळ झाकणावर त्याने मुद्दाम नाकपुडी आखडली.

‘परत.’

‘अहो साहेब,’ मालक ओरडलाच, ‘वाटेत कॅन खालीसुद्धा ठेवला नाही मी!’

‘परत म्हटलं ना.’

पुढचा कॅन सुजलेल्या कासेच्या दुधाचा होता. खारट, कुबट वास हातभर अंतरावरून येत होता. एकतीसने झाकण असे धरले जसे कोणी तान्ह्या मुलाच्या टाळूचा वास घ्यायला देते.

‘आत.’

तो आठवडा एकतीसने मजेत घालवला. कोणाला बुडवायचे, कोणाला तारायचे, हे नाकपुडीच्या कडेवर आले होते. परीक्षकालाही पाच-सहा दिवसांत ते उमगले. पण तक्रार कोणाकडे करणार? ‘माझा मेहुणा मला चुकीचा वास दाखवतो,’ असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

बुधवारी शहरातल्या मोठ्या डेअरीकडे गेलेला दुधाचा टँकर भरलेलाच परत आला. व्यवस्थापकाने परीक्षकाला खोलीत बोलावले, बसायला सांगितले नाही.

‘मोठ्या डेअरीनं टँकरचं झाकण उघडलं आणि लगेच लावलं. त्यांच्याकडे भुकटीला गिऱ्हाईक नाही, ते निमित्तच शोधत होते, आणि निमित्त आपण दिलं. नाक चालतंय ना, परीक्षक?’

‘तीस वर्षं चालतंय.’

‘तेच म्हणतो मी. तीस वर्षं झाली.’ व्यवस्थापकाने टेबलावरचा कागद सरळ केला. ‘सोमवारी दहा कॅन ठेवतो. काही चांगले, काही प्रयोगशाळेनं बिघडवलेले. संचालक असतील, रांग असेल. दहाच्या दहा बरोबर आले तर तुमच्या नाकाला मी असेपर्यंत कोणी हात लावणार नाही. एक जरी चुकला तर मंगळवारपासून नुसतं यंत्र, आणि तुम्ही घरी. तुमच्याच भाषेत, परत.’

कॅन धुण्याच्या खोलीत वाफ होती. एकतीस ओले कॅन खुंट्यांवर पालथे घालत होता. परीक्षक दारात थांबला.

‘सोमवारचं कळलं असेल तुला.’

‘अख्ख्या धक्क्याला कळलंय.’

‘झाकण तूच धरशील.’

‘धरीन की. माझं कामच ते. तुम्हीच दिलेलं.’

‘नीट धर म्हणजे झालं.’

एकतीसने हातातला कॅन खाली ठेवला. ‘भावजी, आठ वर्षांत पहिल्यांदा या खोलीत आलात. वास कसाय इथला?’

परीक्षकाने आत येऊन दार लोटले. नळ ठिबकत होता.

‘काय हवंय तुला?’ त्याने विचारले.

‘दोनातलं एक. तुम्ही निवडा, माझा आग्रह नाही. पहिलं अगदी स्वस्त आहे. उद्या सकाळी रांगेसमोर एक वाक्य बोला: एकतीसचं दूध त्या वेळी चांगलं होतं. बस. मी मूरघास धारेनंतरच टाकायचो. तुम्हाला माहीत होतं.’

‘वास होता.’

‘किती?’

परीक्षकाला ते तीन दिवस आठवत होते. वास होता, इतका पुसट की दुसऱ्या कोणाच्या कॅनला त्याने तो शंभरदा माफ केला असता. पण नवे अध्यक्ष मागे उभे होते आणि रांगेतून कोणीतरी म्हणाले होते, ‘मेहुण्याचं बघू या काय करतात.’

‘होता,’ तो म्हणाला.

‘बरं. मग दुसरं. बारा नंबर तीन दिवस परत करा. उद्या, परवा, तेरवा.’

‘बारा? अरे, तिचं दूध धक्क्यावर सगळ्यात—’

‘म्हणूनच.’

‘तिनं तुझं काय वाकडं केलंय?’

‘काही नाही. भेटली की हसून विचारपूस करते. मी तुमचं काय वाकडं केलं होतं?’ एकतीसने पुन्हा कॅन उचलला. ‘मला फक्त बघायचंय, भावजी. तुम्हाला एक वाक्य जड जातं की तिच्या आठ गाई.’

त्या संध्याकाळी परीक्षकाने स्वतःशी जो युक्तिवाद केला तो निर्दोष होता. एका ‘परत’बद्दल आज चूक कबूल केली, तर तीस वर्षांतला प्रत्येक ‘परत’ संशयास्पद ठरेल. ज्यांचे गोठे गेले ते सगळे दारात येतील. धक्क्याचा धाक जाईल, धाक गेला की दुधाची शुद्धता जाईल, ती गेली की डेअरी जाईल, आणि तीनशे घरे उघडी पडतील. तीनशे घरांसमोर एक घर काय? यात एकच उणीव होती: त्या तीनशे घरांची त्याला त्या संध्याकाळपूर्वी कधी काळजी वाटली नव्हती. स्वतःच्या अहंकाराला जो संस्थेचे हित म्हणायला शिकला, त्याला पुढे कोणतीही गोष्ट कठीण राहत नाही.

बारा नंबरवाली पन्नाशीची बाई होती. एकटीने आठ गाई आणि दोन गाभण कालवडी सांभाळी. प्रत्येक गाईचे वेत, माजाची तारीख, भरवल्याचा दिवस, आटवण्याचा दिवस वहीत लिहून ठेवी. धारेपूर्वी कास कोमट पाण्याने धुई, पहिल्या चार धारा काळ्या वाटीत पिळून गुठळी दिसते का पाही, कासेची शंका असलेली गाय नेहमी शेवटी पिळी. गाईंना ती कधी हाका मारत नसे. नुसती गोठ्यात येऊन उभी राहिली की त्यांना पान्हा फुटे. धक्क्यावर तिच्या कॅनचे झाकण उघडताना परीक्षक पूर्वी मुद्दाम एक श्वास जास्त घेई. ते त्याचे सकाळचे सुख होते.

गुरुवारी एकतीसने तिचे झाकण धरले. नाकपुडी आखडण्याची तसदीही त्याने घेतली नाही. दूध उत्तम आहे हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होते, आणि तो चेहरा परीक्षकाकडे टक लावून पाहत होता.

‘परत.’

रांगेची कुजबुज थांबली. बाई हसली, कारण तिला ती थट्टा वाटली. मग हसू गेले.

‘साहेब, पुन्हा एकदा बघता का?’

‘नाकाला दोनदा विचारत नसतात.’

ती घरी गेली. दुधाचा वास घेतला, चव घेतली, शेजारणीला दिले. कॅन उकळत्या पाण्याने धुतला, झाकणाचे रबर बदलले, त्या दिवशी मूरघास बंद करून नुसता वाळला चारा टाकला. शुक्रवारी पुन्हा परत. आता तिने दोष गाईंत शोधला. आठही गाईंची कास दाबून पाहिली, पशुवैद्याला बोलावले. तो म्हणाला, ‘बाई, या गाईंना काही झालेलं नाही. झालं असेल तर तुम्हाला झालंय. झोपा थोड्या.’

शनिवारी तिने गुन्हा केला. रांगेत तिच्यामागे एकोणीस नंबरवाला असे. पाच वर्षांत त्याचे दूध एकदाही परत आले नव्हते. वाटेवरच्या झाडामागे दोघांनी दूध बदलले. तिचे त्याच्या कॅनमध्ये, त्याचे तिच्या. दुधाची अदलाबदल करणाऱ्या दोघांचीही खाती डेअरी कायमची बंद करी. तरी तो तयार झाला, कारण त्याच्या दोन गाई तिनेच अडलेल्या बाळंतपणातून सोडवल्या होत्या.

‘बारा. परत,’ परीक्षक म्हणाला. आणि पुढच्या झाकणावर, तिच्याच दुधावर, ‘एकोणीस. आत.’

तिला सगळे कळले. यात दुधाचा संबंध नव्हता, आकड्याचा होता. पुरावा तिच्या हातात होता, एकोणीसच्या कॅनमध्ये, वाफाळता. आणि तो दाखवला असता तर एकोणीसही बुडाला असता. तो जमिनीकडे पाहत उभा होता, घामेजलेला. बाईने हात पुढे केला आणि आपल्या कॅनचे झाकण स्वतःच उलटे ठेवले.

‘बरं, साहेब,’ ती म्हणाली.

रविवारी व्यापाऱ्याची गाडी आली. सात गाई आणि दोन कालवडी गेल्या. आठवी म्हातारी होती. तिला कोणी घेतले नाही.

सोमवारी धक्क्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. संचालक बसले, रांग उभी राहिली. परीक्षकाने धुतलेला सदरा घातला होता. पहिले झाकण: थंड. ‘आत.’ दुसरे: नाकपुडी. ‘परत.’ व्यवस्थापक हातातल्या कागदावर खूण करत होता. सहा बरोबर आले. सातव्या झाकणावर एकतीसचा चेहरा थंडही नव्हता आणि आखडलाही नाही. तो कोरा होता, फरशीसारखा. परीक्षकाने तीन श्वास घेतले. चार. पाच. त्याच्या मानेवरून घामाचा ओघळ सदऱ्यात उतरला. एकतीस त्या ओघळाकडे पाहत होता. मागे एका संचालकाने घसा खाकरला. सातव्या श्वासाला, अगदी सावकाश, कड हलली.

‘परत!’

दहापैकी दहा. टाळ्या वाजल्या. व्यवस्थापकाने हात मिळवला आणि, आनंदात असलेली वरिष्ठ माणसे करतात तसे, खालच्या माणसाकडेही वळला. ‘आणि तुला काय हवंय रे, एकतीस?’

‘मनगटं गेलीत, साहेब. काट्यावर जागा रिकामी आहे. बसून वजनं लिहीन.’

‘काय परीक्षक, देऊ ना? तुमचाच माणूस आहे.’

नाही म्हणण्याचे कारण खरे होते, आणि ते खुर्च्यांसमोर सांगता येण्यासारखे नव्हते.

‘द्या,’ परीक्षक म्हणाला.

‘ठरलं होतं तेवढं मी केलं, भावजी,’ एकतीस जाताना त्याच्या कानाशी म्हणाला. ‘आता दुसरं नाक बघा.’

लेखनिकाने तिथेच नियमांची वही उघडली. झाकणाची जागा रिकामी. पहिला हक्क नुकत्याच बंद झालेल्या खात्याचा. ‘बारा नंबर,’ त्याने वाचले. ‘निरोप पाठवतो.’

मंगळवारी सहाला ती कॅनपलीकडे उभी होती. तिने झाकण उचलले, उलटे केले, परीक्षकाच्या नाकाखाली धरले. परीक्षकाने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. तिथे काही नव्हते. ज्याचा गोठा दोन दिवसांपूर्वी रिकामा झाला त्याच्या चेहऱ्यावर दुधाचा वास उमटत नाही. ‘आत,’ तो म्हणाला. पुढच्यालाही, त्याच्या पुढच्यालाही. पन्नास कॅन आत गेले. रांग खुशीत आली. ‘दहापैकी दहा काय आले, साहेब अगदी लोणी झाले,’ कोणीतरी म्हणाले.

एकावन्नाव्या झाकणाच्या वेळी बाईच्या नाकावर माशी बसली. हात गुंतलेले होते. तिने नाक आखडून माशी उडवली.

‘परत.’

तिने वर पाहिले. झाकण ताज्या, गोड दुधाचे होते. परीक्षकाचे डोळे उघडे होते आणि ते तिच्या नाकावर होते. तिने दहा कॅन जाऊ दिले, मग माशी नसताना पुन्हा नाक आखडले.

‘परत.’

उरलेल्या सगळ्या झाकणांना तिचा चेहरा दगडासारखा राहिला. आठ वाजता तिने हात धुतले आणि फरशी धुणाऱ्या बाईला विचारले, ‘फिनेलची बाटली कुठं ठेवता तुम्ही?’

बुधवारी शेवटचा कॅन तिने स्वतःच्या हातांनी धक्क्यावर चढवला. त्यावर अजून बारा हा आकडा होता. आत म्हाताऱ्या गाईचे सकाळचे दूध होते आणि त्यात फिनेलची अर्धी बाटली. ते दुधात पडताच पांढरे झाले होते. डोळ्यांनी काही ओळखता येत नव्हते.

‘साहेब,’ ती म्हणाली, ‘खातं बंद आहे ते ठाऊक आहे. एकदा नुसतं बघता का?’

परीक्षकाने आकडा पाहिला, मग तिचा चेहरा. दोन दिवसांत पहिल्यांदाच तो मऊ झाला होता. त्यावर विनवणी होती आणि तिच्याखाली, त्याला वाटले, तीच जुनी खात्री. हे दूध तो ओळखत होता. त्याला एकाएकी हलके वाटले. वजनकाट्याच्या दारात एकतीस येऊन उभा राहिला होता, वरच्या खिडकीत व्यवस्थापक होता, रांग अजून पांगली नव्हती. सगळ्यांसमक्ष हे दूध आत घेता येईल, बंदी उठवण्याची शिफारस करता येईल, आणि चुकलो होतो हे वाक्य न बोलता सारे निस्तरेल. यात त्याला काहीच खर्च नव्हता.

बाईने झाकण उचलून उलटे केले आणि त्याच्या नाकाखाली धरले.

परीक्षकाने महिन्याभरानंतर प्रथमच डोळे मिटले. रांगेतला पहिला माणूस एक पाऊल मागे सरला, मग दुसरा. एकोणीस नंबरवाल्याने बाहीने नाक झाकले. कोणीतरी खोकू लागले. बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण झाकण धरलेला हात हलला नाही. परीक्षकाने एक श्वास घेतला, दुसरा, तिसरा. आणि पूर्वी घेई तसा, सुखाचा, एक जास्तीचा.

‘वाळला चारा,’ तो डोळे न उघडता म्हणाला. ‘कोमट पाण्यानं धुतलेली कास. असं दूध या धक्क्यावर दुसऱ्या कुणाचं नाही. आत.’

‘मागच्यांना ऐकू गेलं नाही, साहेब,’ बाई म्हणाली. ‘मोठ्यानं सांगा.’

परीक्षकाने छाती भरून श्वास घेतला आणि मोठ्याने सांगितले. मग त्याने डोळे उघडले.